आत्तीच्या गोळ्यांची पिशवी

आमच्या आत्तीला कुणी तब्येत विचारली की ती तोंडानं उत्तर देत नाही. आत जाते, साडीच्या दुकानातली जाड प्लास्टिकची पिशवी आणते आणि पाहुण्याच्या मांडीवर ठेवते. वजन बघून पाहुणा "बापरे" म्हणाला की तिला बरं वाटतं. मग एकेक पाकीट बाहेर निघतं. ही कोल्हापूरच्या मोठ्या डाक्टरची. ही गुडघ्याच्या डाक्टरची. ही चक्कर येती म्हणून, ही झोप लागत न्हाय म्हणून, आणि ही एवढ्या सगळ्या गोळ्या पोटाला बाधू नयेत म्हणून. शेजारच्या म्हातारीला एकच गोळी चालू आहे. तिच्याविषयी आत्ती फार कनवाळूपणे बोलते. "तिच्या पोरांचं लक्षच न्हाय," म्हणते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. राहते पेठ वडगावला. मी कोल्हापुरात फॅमिली डॉक्टर आहे, आणि आमची अख्खी गल्ली माझ्या सल्ल्यानं चालते असा माझा गेली कित्येक वर्षं समज आहे. आत्तीच्या लेखी मात्र मी डॉक्टर नाही. मी तिच्या भावाची पोरगी, जिला तिनं न्हाऊ-माखू घातलं. सर्दी झाली तर ती माझ्याकडून एखादी गोळी घेईल, तीही माझ्यावर उपकार केल्यासारखी. बाकी सगळं मोठ्या डॉक्टरांचं. "तुला काय कळतंय, तू घरातली," हे तिचं माझ्या शिक्षणाविषयीचं मत आहे.

पिशवीचा कारभार तिच्या मुलाकडं. हा माझा आतेभाऊ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहे. बोलतो कमी, आणि बोलला की भांडल्यासारखं बोलतो, कारण दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो. महिन्याच्या गोळ्या तोच कोल्हापुरातून आणायचा आणि दर रविवारी सकाळी आईच्या खाटेवर बसून वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरायचा. प्रत्येक गोळीचं नाव मोठ्यानं वाचायचा. आत्ती दर वेळी "व्हय, ठाव हाय," म्हणायची. अर्धा तास हा सोहळा चालायचा, आणि तेवढा वेळ घरात कुणी मधे बोलायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आत्ती गोठ्यात पडली. तिची एक म्हस आहे. दोन्ही वेळची धार आत्तीच काढते, कारण दुसरं कुणी बसलं की म्हस पान्हा चोरते. धार काढून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि आत्ती खाली गेली. दूध सांडलं, कपाळाला खोक पडली, हाड मोडलं नाही हे नशीब. मुलानं तिला उचलून घरात आणलं आणि तिथंच जाहीर करून टाकलं, "आता आणखी एकदा पडलीस की म्हस इकली." नुसतं बोलून थांबला नाही. म्हशींच्या व्यापाऱ्याला, आमच्याकडं हेडी म्हणतात त्याला, फोनही करून ठेवला.

मी बघायला गेले तर आत्ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. "म्हस गेली तर म्या उठायचं कशाला गं सकाळी?" एवढंच म्हणाली. त्यात भर म्हणजे कुण्या डॉक्टरनं चक्करेची गोळी दुप्पट केली होती. माझं डोकं तिथंच फिरलं. पण पिशवीला हात लावायची माझी प्राज्ञा नव्हती.

याच सुमाराला आम्हा फॅमिली डॉक्टरांना एका बैठकीचं बोलावणं आलं. म्हाताऱ्या माणसांच्या नको असलेल्या गोळ्या कमी कशा करायच्या, यावर पुण्याची काही मंडळी संशोधन करणार होती. अशी बोलावणी मला नवी नाहीत. एरवी सगळं ठरल्यावर बोलावतात. छापील कागद देतात, पेशंट पाठवा म्हणतात, जेवायला घालतात आणि वाटेला लावतात. मी जेवणाच्या बेतानंच गेले होते. पण पुण्याहून आलेल्या संशोधक मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या, उभ्या राहून म्हणाल्या, "आमचा आराखडा अजून कच्चा आहे. गोळ्या कुठल्या कमी करायच्या ते आम्हाला माहीत आहे. घराघरात ते कसं करायचं, हे तुम्ही सांगा. त्यावरच आम्ही तो पक्का करू."

कोल्हापूरच्या डॉक्टरांना "तुम्ही सांगा" म्हटलं की काय होतं, हे त्या बिचारीला माहीत नव्हतं. पुढं बराच वेळ कुणी कुणाचं ऐकलं नाही. एक जण म्हणाला, "मॅडम, मी एक गोळी कमी केली की पेशंट समोरच्या दवाखान्यात जातोय. तिथं दोन मिळत्यात." समोरच्या दवाखान्यातला डॉक्टर त्याच्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "आणि मी कमी केली की तुझ्याकडं येतोय की." दुसऱ्यानं विचारलं, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेली गोळी आम्ही कोण काढणार? मॅडम सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पुढच्या बैठकीपर्यंत एवढंच करा. तुमचं माहितीतलं एखादं घर डोळ्यांपुढं आणा. तिथं एक गोळी कमी करायची झाली तर कुठं अडेल, ते बघून या."

माझ्या डोळ्यांपुढं साडीच्या दुकानाची पिशवी आली. आता, पुण्याच्या मॅडमना काही करून दाखवावं म्हणून मी ते मनावर घेतलं असं नाही. आत्तीची म्हस जायला नको होती. थोडं दाखवायचंही होतं.

मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. भले माणूस निघाले. "करा की कमी," म्हणाले, "मला वाटत होतं त्या माझी एकच गोळी घेतात." मग मी पिशवीतल्या पाकिटांचे फोटो वहिनीकडून, म्हणजे आत्तीच्या सुनेकडून, मागवून घेतले आणि कपाळाला हात लावला. बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी दोनदा पोटात जात होती. तिनं पाय सुजायचे. सूज उतरायला लघवीची गोळी. तिनं उठताना चक्कर. चक्करेला आणखी गोळी. तिनं दिवसभर गुंगी. दिवसा डुलक्या काढल्यावर रात्री झोप कुठली, म्हणून झोपेची. आत्ती आजारानं पडली नव्हती, आम्ही डॉक्टरांनी मिळून तिला पाडली होती.

पुढच्या रविवारी मी वडगावला गेले. आतेभावाला त्या दिवशी ड्युटी लागली होती. मला बरंच झालं, वाद टळला असं वाटलं. आत्तीला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच विचारलं, "म्हस ऱ्हाईल?"

"राहील. तू पडायची थांबलीस की राहील."

"मग घे तुझ्या गोळ्या."

एवढी सरळ तयार होईल असं मला वाटलं नव्हतं. नको असलेल्या गोळ्या काढून मी माझ्या पर्समध्ये टाकल्या. झोपेची गोळी एकदम सोडायची नसते, ती अर्धी केली. बीपीची एक ठेवली आणि सांगितलं, आता ही मीच आणत जाईन, नावांचा घोळ परत नको. निघताना तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. इतक्या गोळ्यांनी तिची भूक मेली होती, म्हणून दारात वहिनीला म्हणाले, "हिला काय खावंसं वाटतंय ते करून घाला. पथ्य काही नको."

आता आमच्या भागातल्या माणसाला यात काय घडलं ते लगेच कळेल. मला, तिथंच जन्मलेल्या बाईला, कळलं नाही. आमच्याकडं डॉक्टर न बोलावता घरी येतो, गोळ्या काढून घेतो, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरनं हात फिरवतो आणि "खाईल ते घाला" म्हणून जातो, तो एकाच वेळी. माणूस हाताबाहेर गेल्यावर. हे मी स्वतः कितीतरी घरांत केलेलं आहे, याच शब्दांत आणि याच चेहऱ्यानं. कंपाउंडावरनं शेजारीण बघत होती. वहिनी आत जाऊन पदर डोळ्यांना लावून बसली.

दोन दिवसांनी वडिलांचा फोन आला. आवाज रडवेला. "माझी बहीण हाय ती. मला गावातनं कळावं व्हय?"

"काय कळावं?"

"सोडली म्हणं तू तिला."

मी सांगितलं, तुमची बहीण ठणठणीत आहे. ते म्हणाले, "डाक्टर घरच्यांना असंच सांगत्यात." आणि फोन ठेवला. मी दवाखाना बंद केला आणि स्कूटर काढली.

आत्तीच्या दारात चपलांचा ढीग. आत खाटेवर आत्ती नवं लुगडं नेसून बसलेली. कपाळावर गुलाल, कुणीतरी जोतिबाला जाऊन घेऊन आलं होतं. उशाशी केळ्यांचे घड आणि बिस्किटांचे पुडे. कर्नाटकच्या सीमेकडं दिलेली आत्तीची एक लांबची बहीण "अक्का, अक्का" करत पाय धरून बसली होती. आत्तीनं मला जवळ ओढलं आणि कानात विचारलं, "खरं सांग. किती दिस ऱ्हायल्यात?"

"पुष्कळ. तुला काही झालेलं नाही."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघून घेतलं. मग लोकांकडं बघितलं आणि म्हणाली, "आता ह्यास्नी काय सांगायचं गं? एवढ्या लांबनं आल्यात. जेवल्याबिगर कसं लावून द्यायचं?" आणि सुनेला हाक मारून रस्सा टाकायला सांगितला. मला हसू आवरेना. वडील कोपऱ्यात बसले होते, त्यांचा मात्र अजून माझ्यावर विश्वास बसला नव्हता.

मग ड्युटीवरनं आतेभाऊ आला. हातात कोऱ्या गोळ्यांची पिशवी, सगळ्या परत विकत आणलेल्या. माझं हसू तिथंच संपलं. "माझ्या आईला औषध न्हाय, असं गावात झालंय," तो म्हणाला, आणि या वेळी खरंच ओरडला. "लोक म्हणत्यात पोराला जड झाली. म्या काय तोंड दाखवू?" मी चिडून दोन शब्द जास्तच बोलले. त्यानंही बोलून घेतलं. लांबची बहीण रडायची थांबून ऐकायला लागली. मला खरी भीती वाटत होती ती वेगळीच. आत्ती आता घाबरून सगळ्या गोळ्या पुन्हा घेईल, पुन्हा पडेल आणि म्हस जाईल.

आत्तीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि उशाखाली सारली. "डाक्टर ती हाय," म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली. "पंधरा दिस बघायचं. पडली तर म्हस ने. न्हाय पडली तर परत म्हशीचं नाव काढायचं न्हाय." आतेभाऊ म्हणाला, "ठरलं." आणि सगळ्यांसमोर हेड्याला फोन करून पंधरवड्यानंतरच्या रविवारी यायला सांगितलं. आमच्याकडं माणसं शब्दाला अशी पक्की असतात, आणि त्याचा कधीकधी फार वैताग येतो.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दवाखाना आटोपला की एकाआड एक दिवस वडगाव. बीपी बघायचं, बसवून, उठवून, परत बघायचं. पहिल्या काही दिवसांत तिची झोप उडाली आणि तिनं मला यथेच्छ शिव्या घातल्या. धार काढायला वहिनी शेजारी उभी राहायची, हात तयार ठेवून. म्हशीला ते आवडायचं नाही. मग एके दिवशी आत्ती म्हणाली, "जोडवी ढिली झालीत गं." पायांची सूज उतरली होती. परत येताना मी स्कूटरवर एकटीच गुणगुणत आले.

ठरलेल्या रविवारी हेडी आला. त्याला अजून जुनीच बातमी होती. अंगणात येऊन त्यानं आधी गळा काढल्यासारखं केलं, मग म्हशीचे दात बघितले आणि दाव्याला हात घातला. आतेभाऊ बाजूला उभा. आत्ती बाहेर आली, हातात बादली. "पावणं, बसा. च्या घ्या. धारंची येळ झालीया, म्हशीला हात नगं." आणि वहिनीला म्हणाली, "तू लांबच थांब."

ती उकिडवी बसली. बादलीत धारांचा आवाज सुरू झाला. हेडी चहाची बशी हातात धरून तसाच बसून राहिला. धार झाली. आता उठायचं होतं. याच जागी, असंच उठताना ती पडली होती. आतेभाऊ दोन पावलं पुढं आला, हात अर्धवट पुढं केलेले. आत्तीनं एक हात गुडघ्यावर ठेवला, उठली, क्षणभर थांबली. मग बादली उचलली आणि मुलाच्या शेजारून सरळ स्वयंपाकघरात गेली. खांबाला हात लावला नाही.

हेड्यानं चहा संपवला आणि गल्लीत आणखी कुणाची म्हस विकायची आहे का, असं विचारलं. आतेभावानं त्याला वाटेला लावलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "जेवून जा." त्याची माफी याहून लांबलचक कधी नसते. मी जेवून गेले.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. गुलाल आणि "अक्का"सकट. डॉक्टर मंडळी हसून बेजार झाली, कारण प्रत्येकाला आपलं एक घर आठवलं. मॅडम डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि मग आराखडा उघडून कामाला लागल्या. गोळी कमी करताना अख्ख्या घराला बसवून सांगायचं. डबी भरणारा माणूस हजर पाहिजेच. गोळ्या डॉक्टरनं आपल्या हातानं उचलून न्यायच्या नाहीत. "खाईल ते घाला" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. समोरच्या दवाखान्याचा आणि मोठ्या डॉक्टरांचा आधीच एक विचार झाला पाहिजे. सगळं आमच्याच तोंडचं होतं. मी म्हटलं, शेजारणीलाही सांगायला हवं. मॅडमनी गंभीरपणे विचारलं, "शेजारणीला संशोधनात कसं बसवायचं?" यावर पुन्हा बराच वेळ कुणी कुणाचं ऐकलं नाही. मी त्या दिवशी जरा ताठच घरी आले.

तो ताठा आत्तीनं उतरवला. महिना संपत आला तशी मी बीपीची गोळी घेऊन वडगावला गेले. झोपेची अर्धी गोळीही एव्हाना सुटली होती. पाकीट तिच्या हातात ठेवलं, तिनं माझ्याकडं परत सरकवलं.

"ही तू आणू नगंस."

"का? त्रास होतोय?"

"तरास कसला? बरी हाय म्या." तिनं दाराकडं बघितलं. आतेभाऊ बाहेर वैरण टाकत होता. मग हळू आवाजात म्हणाली, "ऐतवारी तो अर्धा तास माझ्यापाशी बसायचा गं. गोळ्या भरायच्या म्हणून. आता येतो, म्हशीला बघतो, जातो. तू समदं काढलंस, ते चांगलं केलंस. पर त्याला माझ्यापाशी बसाय कायतरी ठेव की."

पिशवीतली प्रत्येक गोळी कशासाठी चालू आहे ते मी शोधून काढलं होतं, आणि हे एवढं मात्र राहिलं होतं. अंगणात जाऊन मी पाकीट आतेभावाच्या हातात दिलं. "ही आता तू आणायची. हेच नाव, हीच कंपनी. दुकानदार काही म्हणाला तरी बदलायची नाही. आणि डबीत तूच भरायची, तिला चुकायला होतं." त्यानं पाकीट दोन्ही बाजूंनी वाचलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि खिशाचं बटण लावलं.

घरी येऊन मॅडमना फोन केला. म्हटलं, तुमच्या प्रश्नांत आणखी एक घाला. गोळी कोण आणतं, आणि ती द्यायला आल्यावर किती वेळ बसतं? त्यांनी तो प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाल्या, "घालते. आणि मॅडम, आज मी माझ्या आईकडं जाऊन येते."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम सकाळी गेले. आतेभाऊ खाटेवर बसला होता, डबी मांडीवर. दिवसाला एकच गोळी, भरायला कितीसा वेळ लागणार? त्यानं सोमवारच्या कप्प्यात गोळी टाकली आणि पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं. मंगळवारची टाकली, पुन्हा तेच नाव वाचलं. बुधवारच्या वेळी मधेच फौंड्रीतलं काहीतरी सांगत बसला. वहिनीनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. अर्धा तास झाला तरी शनिवार यायचा होता, आणि आत्ती प्रत्येक वारानंतर मान हलवून म्हणत होती, "व्हय, ठाव हाय."